ओहोटी नसलेला समुद्र

आमच्या खाडीकाठी घड्याळाला फारशी किंमत नाही. तर केव्हा सुटेल, बायका शिंपल्या काढायला केव्हा उतरतील, इतकेच काय, पलीकडची पोरे शाळेत केव्हा पोहोचतील, हे सारे ठरवायचे ते भरती-ओहोटीने. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित मी बावीस वर्षे पोरांना पाढ्यांच्या जोडीने शिकवीत आलो आहे.

म्हणून मार्सेलच्या जुन्या बंदरात होडीत पाय टाकताना मी सवयीने विचारले, "भरती केव्हाची रे?"

माझा विद्यार्थी हसला. "गुरुजी, इथे भरती नाही म्हटले तरी चालेल. पाणी चढते-उतरते ते वीत-दीड वीत. मनात आले की निघायचे."

हा आमच्या तरवाल्याचा मुलगा. "याला तरीवर बसवू नका, पुढे शिकवा," असे त्याच्या बापाला मीच बजावले होते. तो जहाजांची इंजिने दुरुस्त करायला शिकला आणि इथे येऊन राहिला, त्याला अकरा वर्षे झाली. तिकीट पाठवून त्याने मला बोलावले. निघताना म्हाताऱ्याने आमसुलांची पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली आणि एवढेच म्हणाला, "गुरजी, येतंय कवा, येवढा इचारा."

त्याची होडी लाकडी, दोन्ही टोकांना निमुळती. तिकडे तिला 'प्वँत्यू' म्हणतात. मला ती आपल्याच गावची वाटली. ईफ बेटावरचा किल्ला मागे पडला. ड्यूमाच्या काउंट ऑफ माँटे क्रिस्टोचा तुरुंग तो हाच. भूशिराला वळसा घातला आणि चुनखडीचे पांढरे कडे सुरू झाले. मधूनच कडा दुभंगावा आणि समुद्राने त्या फटीतून आत शिरावे, अशा त्या चिंचोळ्या खाड्या. त्यांना 'कलाँक' म्हणतात. माती म्हणून दिसत नाही, तरी खडकाच्या चिरेतून पाइन वर आलेला. पाणी इतके नितळ, की होडीची सावली तळाच्या वाळूवर आमच्याबरोबर चालत होती. पण मला एक चुकल्यासारखे होत होते. कुठे चिखल नाही, उघडी पडलेली पुळण नाही, पाणी गेल्यावर येतो तो वास नाही.

मॉर्ज्यूच्या भूशिरापाशी त्याने इंजिन बंद केले. "गुरुजी, इथे खाली गुहा आहे."

1985 साली आँरी कोस्केर नावाच्या पाणबुड्याला ती सापडली. तोंड पाण्याखाली 37 मीटरवर. तिथून बोगद्याने वर चढत गेले की कोरडे दालन लागते. भिंतींवर घोडे आहेत, सील आहेत आणि माणसांच्या हातांचे ठसे आहेत, काही सत्तावीस हजार वर्षांपूर्वीचे. हिमयुग ऐन भरात होते तेव्हा समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली होता. ती माणसे पायी चालत आत गेली. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि दार बुडाले.

"म्हणजे भरती आलीच की इथेही!" मी म्हटले.

"आली. एकदाच आली," तो म्हणाला. "उतरली मात्र नाही."

होडी नुसती डुलत होती. मग मी बापाचा निरोप सांगितला आणि पुरचुंडी त्याच्या हाती दिली. त्याने एक आमसूल तोंडात टाकले.

"तर अजून बाबाच हाकतात?"

"पूल झाला. तर बंद पडली. पण भरतीच्या वेळेला धक्क्यावर जाऊन बसतात."

पोराला शिकवा म्हणून सांगणारा मीच होतो. त्या क्षणी मला त्याच्याकडे पाहवेना.

"आज तिथी कुठली, गुरुजी?"

"सप्तमी."

त्याचे ओठ हलले. "सव्वापाच." त्याने मनगट पाहिले. "इथे पावणेदोन. तिकडे सव्वापाचच झाले असतील." तो आणखी काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने इंजिन सुरू केले. कासी गावापर्यंत आम्ही दोघे गप्प होतो.

घरी परतलो तेव्हा म्हातारा धक्क्यावरच भेटला. "काय म्हनला?"

खोटे सांगवेना. मी म्हटले, "भरतीची वेळ अजून काढता येते त्याला. सप्तमीची सव्वापाच म्हणाला."

म्हाताऱ्याने बोटांवर मोजून पाहिले.

"बरोबर हाय," तो म्हणाला.