खांदेरीचा दिवा

मी नागपूरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी नाहीतर फुटाळा तलाव, आणि तलावाचा पलीकडचा काठ नेहमी दिसतो. पाचवीत असताना सरांनी 'दीपगृह' या शब्दाचे चित्र काढायला सांगितले. मी एक घर काढले आणि त्याच्या कोनाड्यात पणती ठेवली. सर हसले नाहीत. "समुद्र पाहिलास की पुन्हा काढ," एवढेच म्हणाले.

त्याला तीन वर्षे लागली. माझे मामू नोकरीनिमित्त अलिबागला राहत. उन्हाळ्याच्या सुट्टीत अम्मी आणि मी त्यांच्याकडे गेलो. मामूंनी आम्हांला जवळच्या थळ गावी नेले. तेथून होडीने खांदेरी बेटावर गेलो. लाटांवर होडी अशी हलत होती, की मी अम्मीची ओढणी घट्ट धरून बसलो.

खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी येथे किल्ला बांधायला घेतला. त्यामुळे मुंबईचे इंग्रज घाबरले. त्यांनी आपली गलबते आणून बेटाला वेढा घातला. मायनाक भंडारी बेटावर तटबंदी उभारत होते. आरमाराचे दुसरे सरदार दौलतखान त्यांच्या मदतीला होते. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री इंग्रजांच्या मोठ्या गलबतांना चुकवून बेटावर सामान पोचवत. इंग्रजांना त्या अडवता आल्या नाहीत. १७१८ साली इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांच्याकडून हे बेट घेण्याचा प्रयत्न केला. तोही फसला.

"म्हणजे तेव्हा इथे दिवा नको होता," मी म्हणालो.

"खरे आहे," मामू म्हणाले. "तेव्हा काळोखच उपयोगी होता."

मराठी राज्य गेल्यावर बेट इंग्रजांच्या हाती आले. १८६७ साली त्यांनी येथे अष्टकोनी दीपगृह बांधले. ज्या खडकावरून त्यांच्या जहाजांवर तोफा रोखल्या गेल्या होत्या, तोच खडक आता जहाजांना वाट दाखवू लागला! चाकांच्या गाड्यांवरील जुन्या तोफा मात्र तटावर तशाच उभ्या होत्या. मी एका तोफेवर हात ठेवला. उन्हाने ती चटका बसेल इतकी तापली होती.

दीपगृहातल्या एका काकांनी आम्हांला दिव्याची माहिती सांगितली. दिव्याचा उजेड चारी बाजूंना पसरतो. काचेची भिंगे तो एकत्र करून झोताच्या रूपाने दूर पाठवतात. प्रत्येक दीपगृहाचा दिवा ठरावीक वेळाने चमकतो. ती वेळ मोजून खलाशी दीपगृह ओळखतात.

संध्याकाळी आम्ही थळला परतलो. वारा वाढला होता. किनाऱ्यावर एक कोळीण उभी होती. सगळ्या होड्या आल्या होत्या, तिच्या मुलाची तेवढी आली नव्हती. अम्मी तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी फारसे बोलल्या नाहीत. अंधार पडला आणि खांदेरीचा दिवा लागला. मी त्याचे चमकणे मोजू लागलो. किती मोजले ते आठवत नाही, कारण मध्येच होडीच्या इंजिनाचा आवाज आला आणि ती बाई पाण्याकडे धावली.

१९९८ साली त्या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा मराठा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत खांदेरीही आहे. ती बातमी वाचली आणि माझे दुसरे चित्र आठवले.

सुट्टी संपल्यावर ते मी सरांना दाखवले होते. सगळा कागद काळा होता आणि कोपऱ्यात एक पिवळा ठिपका.

"दीपगृह फार लहान काढलेस," सर म्हणाले.

"सर, किनाऱ्यावरून ते तेवढेच दिसते," मी म्हणालो.