चकाकी गेली की हात मागे

अहो, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही! उघड्यावर बसून जलरंगात चित्र काढायचं म्हणजे समोर दिसतंय त्यातलं बहुतेक सगळं सोडून द्यायचं. चक्क सोडून द्यायचं!

वाईजवळचा मेणवलीचा घाट. खाली कृष्णा, काळ्या दगडाच्या पायऱ्या, वर नाना फडणविसांचा वाडा. मी पायरीन् पायरी काढायच्या तयारीत. तर आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, "अगं, आधी डोळे बारीक कर." केले, आणि पायऱ्या गेल्याच! उरले तीन तुकडे: उजळ आभाळ आणि पाणी, मधला करडा घाट, झाडांखालचा गडद काळोख. चित्र तेवढंच.

मग मोठा चपटा ब्रश. (बारीक ब्रश सरांनी सरळ काढूनच घेतले.) बोर्ड थोडा कलता ठेवायचा, ब्रश भरून आडवा ओढायचा. फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचा फुगीर, चकचकीत ओघळ जमतो. पुढचा फटकारा त्याला नुसता टेकवायचा, तो आपला आपण खाली चालू लागतो. आभाळ उतरत उतरत नदी झालं, मधे कुठे जोड नाही! त्या ओल्यातच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना सोडले. कुठे निळसर, कुठे तांबूस अशी करडी छटा कागदावरच मिसळली. हाच की तो बेसाल्ट! पॅलेटवर घोटत बसले असते तर सात जन्मांत आला नसता.

आणि सगळ्यात भारी म्हणजे ती चकाकी. कागद तिरका करून बघायचा. चमकतोय तोवर खुशाल रंग सोडा. चमक मावळून नुसता दमट राहिला की हात मागे! तेव्हा पाण्यानं भरलेला ब्रश लागला तर ते पाणी बसू लागलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. खडखडीत वाळू द्यायचं, मग सावल्या. त्याही एका हातात, वाटतात त्याहून गडद, कारण जलरंग सुकला की फिका पडतो.

ऊन थांबत नाही, हेच किती बरं! सावली सरकत असते, म्हणून तिचा आकार पहिल्यांदाच ठरवून टाकायचा, मग सूर्य जाईना का कुठेही. घरी फोटोवरून काढताना वेळच वेळ असतो. वेळ असला की हात वळवळतो आणि चित्र मळतं.

घाटावर छोट्या दगडी घुमटीत पोर्तुगीज घंटा आहे. वसई मराठ्यांनी १७३९ मध्ये जिंकली, त्या मोहिमेनंतर इकडे आलेली. तिच्यावर मेरीची आकृतीसुद्धा आहे. माझ्या चित्रात घंटा म्हणजे बर्न्ट सिएनाचा एक ठिपका, मेरीबिरी काही नाही. तरी ओळखू येते! धुणं धुणाऱ्या बाई म्हणजे लाल फटकारा, वर काळा ठिपका, खांद्यावरचं ऊन म्हणून सोडलेला कोरा कागद. पाय काढलेच नाहीत, तरी बाई वाकलेल्या आहेत, अगदी पिळा घालतायत!

घरी येऊन जलरंगकार मिलिंद मुळीकांची चित्रं पुन्हा काढून बघत बसले. रस्त्यावरची माणसं, छत्र्या, रिक्षा, सगळं जवळून पाहिलं तर नुसते डाग. इतकी वर्षं मी नेमकं काय बघत होते?

आता पावसाळा येतोय. दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, म्हणजे चकाकी कितीतरी वेळ टिकणार! वाड्याच्या ओसरीत बसायला मिळतं का, ते विचारून ठेवलंय.