अष्टपैलू टायर कोणता? – शाळेच्या वाटेचा एक हिशेब



'अष्टपैलू' हा शब्द आपण शाळेत फार सहज वापरतो. प्रगतिपुस्तकाच्या शेऱ्यात लिहितो, निरोप समारंभाच्या भाषणात वापरतो, क्रिकेटच्या गप्पांत तर हमखास. पण अष्टपैलू म्हणजे नेमके काय, याचा नीट विचार मला करावा लागला तो सायकलच्या टायरमुळे. हसू नका! पुढे वाचा, म्हणजे कळेल.

माझी सायकल विजेची आहे. पायडल मारले की मागच्या चाकातली मोटर मदतीला येते. मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यामुळे तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. मागे भक्कम कॅरिअर, दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायची सोय, मडगार्ड, दिवा. म्हणजे लांबच्या सफरीलाही नेता येईल अशा बांधणीची. एरवी ती मला रोज शाळेत नेते आणि घरी आणते. माण-खटाव पट्ट्यातली आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. घरापासून १२ किलोमीटर. मी वाटेत पंक्चर काढत बसले, की चारही वर्ग आमच्या सरांच्या एकट्याच्या गळ्यात. पहिलीची मुले 'बाई कुठं गेल्या?' म्हणून दाराकडे बघत बसतात. त्यामुळे मागच्या टायरचे आतले दोरे दिसायला लागले, तेव्हा नवा टायर कोणता घ्यायचा हा माझ्यासाठी हौसेचा नव्हे, हजेरीचा प्रश्न होता.

दुकानदाराला सांगितले, "सगळीकडे चालेल असा द्या." तो म्हणाला, "बाई, सगळीकडे म्हणजे कुठे कुठे?" खरे सांगते, त्या माणसाने माझ्यापेक्षा चांगला शिक्षक असल्यासारखा प्रश्न विचारला.

आधी हिशेब, मग दुकान

घरी येऊन वही काढली. जाऊन-येऊन २४ किलोमीटर. त्यातले १५ किलोमीटर बऱ्यापैकी डांबर, ६ किलोमीटर उखडलेली खडी आणि शेवटचे ३ किलोमीटर मातीची वाट. म्हणजे वाटेचे आठ भाग केले तर पाच भाग डांबर, दोन भाग खडी, एक भाग माती. बघा, चौथीच्या अपूर्णांकाचे उदाहरणच तयार झाले!

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरते. २०० गुणिले २४ म्हणजे ४,८०० किलोमीटर. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मैत्रिणी कोकणात सागरी मार्गाने मुरूड ते मालवण जायचे ठरवत होतो. आठ दिवस, दिवसाला ५० किलोमीटर, म्हणजे ४००. मनात सारखे कोकणच होते. जांभ्याची लाल माती, खाडीकडे उतरणारे तीव्र उतार, फेरीबोटीत सायकल चढवायची तो ओला धक्का. त्यासाठी दणकट, मोठ्या खाचांचा टायर घ्यावा असे वाटत होते. पण आकडे काय सांगतात? एकूण ५,२०० पैकी ४०० किलोमीटर कोकण. शंभरातले जेमतेम आठ. उरलेले ब्याण्णव शाळेच्या वाटेचे. सुट्टीच्या आठ दिवसांसाठी घेतलेला टायर दोनशे दिवस ओढत न्यायचा का, हे मग वेगळे सांगायला नको.

टायरवर लिहिलेले वाचा

टायरच्या बाजूला उठावदार अक्षरांत आकडे असतात. आपण ते कधी वाचतच नाही. माझ्या टायरवर ४७-६२२ असे होते. यातला ४७ हा टायरच्या रुंदीचा आकडा, मिलिमीटरमध्ये. ६२२ हा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. दुसरा आकडा बदलून चालतच नाही. दुकानात '२८ इंची', '२९ इंची', '७०० सी' अशी वेगवेगळी नावे ऐकू येतात. त्यांतल्या बहुतेकांचा आतला व्यास ६२२ च असतो. '२७.५ इंची' म्हणजे ५८४. म्हणून इंचांच्या नावावर जाऊ नका, हा जोडआकडा लिहून न्या. मुलांसाठी सायकलचा टायर घेणाऱ्या पालकांनाही हेच सांगेन.

पहिला आकडा थोडा बदलता येतो, पण रिमची रुंदी आणि मडगार्डची जागा बघून. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर तरी मोकळी जागा हवी, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाकच जाम होते. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही असतो. बसवताना तो पुढे जाणाऱ्या दिशेला आहे ना, हे बघून घ्या.

युरोपातल्या काही टायरांवर 'ई-२५' किंवा 'ई-५०' असा शिक्का दिसतो. तिकडे ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणाऱ्या वेगवान विजेच्या सायकलींना खास प्रमाणित टायर लागतो. आपल्यासारख्या २५ च्या आतल्या सायकलीला तो शिक्का असलाच पाहिजे असे नाही. तरी साध्या सायकलीपेक्षा माझी सायकल कितीतरी जड, २४ किलोची, आणि मोटरचा जोर मागच्या चाकावर. टायरची बाजू पातळ असून चालणार नाही, एवढे त्यातून घ्यायचे.

सराटा आणि बाभूळ

आता आपल्या भागाचे खरे दुखणे. युरोपातल्या जाहिरातीत काचेचे तुकडे दाखवतात. आपल्याकडे सराटा! जमिनीलगत पसरणारे, पिवळ्या इवल्या फुलांचे ते झाड तुम्ही पाहिले असेलच. त्याचे फळ कसेही पडले तरी एखादे टोक वर राहतेच. दुसरी वेडी बाभूळ. तिचा सुकलेला काटा चपलेतून आरपार जातो.

यावर उपाय म्हणून चांगल्या टायरांत नक्षीच्या खाली एक संरक्षक पट्टा घातलेला असतो. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या 'मॅरेथॉन प्लस' टायरमध्ये हा रबराचा थर सुमारे ५ मिलिमीटर जाड आहे. सराट्याचे टोक बहुधा त्यातच अडकते. बाभळीचा लांब काटा सरळ घुसला तर मात्र कोणताच टायर पुरा पडत नाही, हेही लक्षात असू द्या. या जाड थराची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे पैसे. असा टायर साध्याच्या कितीतरी पट महाग. दुसरे वजन, टायर किलोभराचा होतो, घरंगळायला जड जातो आणि बॅटरी थोडी लवकर उतरते.

नक्षीचा गैरसमज

मोठ्या खाचा म्हणजे जास्त पकड, असे आपल्याला वाटते. मातीत आणि चिखलात ते खरे आहे, कारण तिथे खाचा जमिनीत रुततात. पण ओल्या डांबरावर सायकलची पकड मुख्यतः रबराच्या मऊपणावर आणि हवेच्या दाबावर ठरते. सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर. आपल्या वेगाला त्याच्याखाली पाण्याचा थर साचून राहत नाही. उलट मोठ्या गुट्ट्यांचा टायर डांबरावर भुणभुणतो, लवकर झिजतो आणि वळणावर लचकतो. म्हणून मिश्र रस्त्यांसाठीच्या टायरला मधोमध जवळजवळ सलग पट्टा असतो आणि खाचा कडेला. सरळ डांबरावर मधला पट्टा पळतो, मातीत टायर थोडा दबला की कडा कामाला लागतात.

हवा मोजून भरा

आपण अंगठ्याने दाबून 'टाईट आहे' म्हणतो. ते सोडा. एक छोटे गणित करू. मी, सायकल आणि दप्तर मिळून ९० किलो. त्यातला साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर, म्हणजे ५४ किलो. हवेचा दाब ३ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो. ५४ भागिले ३, उत्तर १८ चौरस सेंटिमीटर. काडेपेटीच्या वरच्या बाजूएवढी ही जागा! मागच्या चाकाचा सगळा भार एवढ्याशा रबरावर असतो. दाब २ बार केला तर हीच जागा २७ होते. माती आणि खडीवर बरे वाटते, पण खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटते. खूप जास्त भरली तर प्रत्येक दगड कमरेला कळतो आणि पकडही कमी होते. सफरीच्या पिशव्यांनी मागे आणखी १२ किलो वाढले, तर तीच १८ ची जागा राखायला दाब सुमारे ३.६ बार लागेल. पंपावर पीएसआय असेल तर बारला १४.५ ने गुणा. टायरवर किमान आणि कमाल दाब लिहिलेला असतो, त्याच्या आतच राहायचे.

या हवेच्या चाकाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून हवा भरलेली रबरी नळी चाकावर चढवली. तशा चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, घेतले होते. पण तेव्हा ते चालले नाही. मुलाच्या अंगाला बसणारे धक्के एका बापाला बघवले नाहीत, आणि आपल्या सगळ्यांच्या वाटा मऊ झाल्या.

शेवटी काय घेतले?

दोन्ही चाकांना एकच टायर हवा असा नियम नाही, हे कळले तेव्हा कोडे सुटले. मागच्या चाकात मोटर, वायर, मोठे नट. तिथले पंक्चर काढायला आमच्या एसटी स्टँडवरचा पंक्चरवालाही आधी मोटरकडे बघतो, मग माझ्याकडे. चाक न काढता, टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावता येते, पण वेळ जातो. शिवाय भार आणि झीज तिथेच जास्त. म्हणून मागे जाड संरक्षक पट्ट्याचा, ४७-६२२ चाच टायर घेतला.

पुढचे चाक वळायचे आणि सावरायचे काम करते. मागचे चाक घसरले तर पुष्कळदा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस खाली. म्हणून पुढे थोडा हलका, मऊ रबराचा आणि मध्यम पट्ट्याचा. पुढचा जुना टायर झिजला नव्हता, तो कोकणात जादाचा म्हणून बांधून नेला. तिथे दिघीला, वेसवीला, दाभोळला फेरीबोटींतून चढ-उतर केली, जांभ्याच्या उतारांवर ब्रेक दाबत उतरलो. चिखलात खाचांचा टायर सरस ठरला असता. दोन ठिकाणी उतरून सायकल ढकलावी लागली. आठ दिवसांत दोनदा ढकलणे मला परवडते. दोनशे दिवस रोज जड टायर ओढणे परवडले नसते.

तेव्हा अष्टपैलू म्हणजे सगळ्यांत पहिला नंबर नव्हे. आपल्या वाटेचे आठ भाग ओळखून, त्यांतल्या एकाही भागावर दगा न देणारा तो अष्टपैलू. शेऱ्याच्या रकान्यात हा शब्द लिहिताना आता माझा पेन जरा थांबतो. या मुलाची रोजची वाट कोणती, ते मी पाहिले आहे का, असे मनात येते.

वर्गात करून बघा

चाकावर खडूने खूण करा. खूण जमिनीला टेकली की तिथे रेघ ओढा, चाक एक फेरा पुढे न्या, पुन्हा रेघ ओढा आणि दोरीने अंतर मोजा. माझ्या सायकलीचे २ मीटर २५ सेंटिमीटरच्या आसपास येते. मग विचारा: शाळेत यायला आणि घरी जायला बाईंच्या चाकाचे किती फेरे होतात? उत्तर साडेदहा हजारांच्या वर जाते आणि मुलांचे डोळे विस्फारतात. त्यानंतर प्रत्येकाला घर ते शाळा वाटेचे भाग करून आणायला सांगा. किती डांबर, किती खडी, किती माती, ओढा कुठे, सराटे कुठे.

आणि पालकहो, तुमची मुले सायकलने शाळेत येत असतील, तर रविवारी पाच मिनिटे द्या. ओल्या कापडाने टायर पुसा, रुतलेले सराटे उपटून काढा, हवा मोजा, दोरे दिसतात का बघा. सोमवारी मूल वेळेवर वर्गात बसलेले दिसले, की आम्हा शिक्षकांना दुसरे काय हवे!