हरणाचे घोटे

आपांच्या पेटीतून निघालेली निळी बाटली अम्मींनी हातात घेतली, डोळ्यांजवळ धरून लेबल वाचलं आणि पटकन खाली ठेवली. "अल्लाह! यावर जहर लिहिलंय!"

अम्मींचं वाचन कुरआन शरीफचं आणि उर्दूतल्या दीनी किताबांचं. बाटलीवर अरबीत 'माउज्जहर' होतं. अरबीतला 'जहर' म्हणजे झाडाचा मोहोर, फूल. फारसीतून उर्दूत आणि आपल्या मराठीतही आलेला 'जहर' म्हणजे विष. अक्षरं तीच. वीस वर्षं मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, पण इतकं चांगलं उदाहरण मला एकाही पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं. बाटलीत होता कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क. आपा हसल्या. सासरी इद्दत पुरी करून आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

आपा म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. एकोणीस वर्षं कुवेतला होत्या. कंपनी बंद पडली, दोघं गावी परतले, आणि वर्षाच्या आतच भाईसाहेब मरहूम झाले. मूलबाळ नाही. भाऊ म्हणाला, "आपा, आता आमच्याकडेच या." आमच्या खेडमध्ये घरटी कोणी ना कोणी आखातात गेलेलं असतं, तेव्हा परतलेल्या माणसांचं कौतुक दोन-चार महिने चालतं. पुढे त्यांना घरात जागा करून द्यावी लागते. ते काम भावाचं नसतं, भावजयीचं असतं, आणि मी ते चांगलं केलं नाही हे आधीच सांगून टाकते.

माझी शाळा सकाळची. स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा कुठे असतो हे मला अंधारातही माहीत असावं लागतं. आपा डबे हलवायच्या. एके दिवशी त्यांनी बदामांची पिशवी काढून वाटीने मोजायला घेतली. "दुल्हन, कअबुल गझाल करते. अर्धा किलो लागतील." (पंचेचाळीस वर्षांची झाले तरी मी त्यांची दुल्हनच आहे.) मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "अर्धा किलो? ईदेच्या शिरखुर्म्यालाही आपण एवढे घालत नाही, आपा."

त्यांनी बदाम पुन्हा पिशवीत भरले. तोंडाला रबर लावलं. पिशवी होती त्याच जागी ठेवली, अगदी त्याच जागी.

पंधरा-वीस दिवसांनी शाळा लवकर सुटली. घरी आले तर ओव्हनचा वास. ओट्यावर ताटभर छोट्या चंद्रकोरी, पांढुरक्या, टोकं निमुळती. एक तोंडात टाकली. आत शेंगदाणे होते. आपांनी आपल्या पैशातून कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो दाणे आणून, भाजून, सालं काढून, साखरेबरोबर वाटले होते. "चालतात दाणेही," त्या म्हणाल्या. "जरा तेल सुटतं, एवढंच." मी ती एक चंद्रकोर उभ्याउभ्याच संपवली. गिळायला वेळ लागला.

संध्याकाळी मी अर्धा किलो बदाम आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले. रात्री इशानंतर माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "सकाळी पाणी उकळायला ठेव, सालं काढायची आहेत."

हा पदार्थ मोरोक्कोचा. कुवेतच्या सालमियात आपांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये फेस शहरची एक बाई राहायची. तिची अरबी कुवेतच्या अरबीहून वेगळी, आपांची अरबी बाजारापुरती. म्हणून तिने बोलून शिकवलं नाही, हात धरून शिकवलं. तिकडे लग्नाला, ईदेला पुदिन्याच्या चहाबरोबर हे ठेवतात. मोरोक्कोवर 1912 पासून 1956 पर्यंत फ्रेंचांचा अंमल होता, आणि फ्रेंचांनी याला हरणाची शिंगं म्हटलं. जगभर तेच नाव चालतं. पण अरबी 'कअब' म्हणजे शिंग नव्हे, घोटा. आपल्याला तो शब्द परका नाही. वुजूचा हुकूम सांगणाऱ्या सूरह माइदातल्या सहाव्या आयतीत पाय 'कअबैन'पर्यंत, म्हणजे दोन्ही घोट्यांपर्यंत धुवायला सांगितलं आहे. म्हणजे हे हरणाचे घोटे. आणि 'गझाल'मधला अलिफ सोडला की 'गझल' होते, हे माझ्या नववीच्या मुलींना दरवर्षी सांगावं लागतं.

आता कृती. बदाम उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवून सोलायचे आणि कपड्यावर पसरून अगदी कोरडे करायचे. त्यात घाई केली तर सारण चिकट होतं. अर्धा किलो बदामांना सव्वादोनशे ग्रॅम साखर, अर्धा चमचा दालचिनीची पूड. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, नाहीतर तेल सुटतं. मग दोन मोठे चमचे लोणी आणि दोन चमचे फुलांचा अर्क घालून मळायचं. आपांची बाटली संपल्यावर आम्ही गुलाबपाणी वापरलं. चव बदलते, वाईट लागत नाही. या सारणाच्या करंगळीएवढ्या वळ्या करायच्या, मधे जाड, टोकांना बारीक.

पारीसाठी तीनशे ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, पाऊण वाटी वितळलेलं लोणी, आणि थोडा अर्क मिसळलेलं पाणी लागेल तसं. पंधरा-वीस मिनिटं मळायचं. आपा मळताना बोलत नाहीत, त्या वेळी त्यांचे ओठ हलत असतात. दुरूद पढतात असं मला वाटतं. अर्धा तास कणीक झाकून ठेवायची. मग इतकी पातळ लाटायची की खालच्या हाताचा रंग दिसावा. वळी ठेवायची, पारी तिच्यावर दुमडायची, कडा दाबायची आणि कातण्याने कापायची. होय, तेच आपलं करंजीचं कातणं! फेसच्या बाईकडे पितळेचं चाक होतं, तसंच चाक आपल्या माहेरी आहे हे बघून तिला फार नवल वाटल्याचं आपा सांगतात. करंजीत सारण सैल असतं आणि तिचं पोट फुगतं. इथे पारी म्हणजे सारणावरची नुसती कातडी. कापून झालं की दोन्ही टोकं धरून हळूच वाकवायचं, घोटा तयार.

मग सुई. प्रत्येकाला तीन-चार ठिकाणी टोचायचं, वाफेला वाट हवी. मी पहिल्या खेपेला हे विसरले आणि निम्म्यांची पोटं फुटली. दुसऱ्या खेपेला नानकटाईसारखे बेकरीच्या भट्टीत द्यायची हुशारी केली. भट्टीची आंच नानकटाईला ठीक. आपले घोटे तांबूस होऊन आले. आपांनी एक उचलून उलटसुलट पाहिला. "हे हरीण उन्हात फार फिरलंय." घरच्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर दहा-बारा मिनिटं पुरतात. वरून रंग येऊ द्यायचा नाही, खालून जरासा आला की काढायचे. गरम असताना हात लावायचा नाही. एवढ्या साहित्यात पन्नासेक होतात, आणि बंद डब्यात आठवडाभर नक्की टिकतात. आमच्याकडे तिसरा दिवस कोणी पाहिलेला नाही.

स्वस्त पदार्थ नाही हा, हे मान्य आहे. रोज करायचाही नाही. पण महिन्याच्या हिशोबात मी कुठे कुठे पैसे सोडते ते त्या दिवसानंतर एकदा नीट लिहून काढलं, तेव्हा अर्धा किलो बदामांवर बोलायला मला तोंड उरलं नाही.

गेल्या रमजानमध्ये एका इफ्तारला शाळेतल्या बाया आल्या होत्या. कोणीतरी विचारलं, "मॅडम, हे कुठून मागवलं?" मी म्हणाले, "आमच्या आपांनी केलंय." आपा ओढणी सावरत आत गेल्या आणि दुसरं ताट घेऊन आल्या. अम्मींना आता 'जहर' आवडतं. दात राहिले नाहीत म्हणून चहात बुडवून खातात आणि निळी बाटली कधी येणार ते दुबईच्या पुतण्याला फोनवर विचारतात.

परवा शाळेला निघताना जेवणाच्या डब्याखाली एक चिठ्ठी दिसली. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर आपांचं टपोरं उर्दू अक्षर: मैदा दोन किलो, लोणी, दालचिनी. आणि सगळ्यांत वर, मला न विचारता, बदाम एक किलो.

येताना घेऊन आले.