मंडपेश्वर : एक गुंफा, दोन गोष्टी

बोरिवली म्हटलं की तुम्हाला कान्हेरीच आठवते ना? पण स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा केलीत, तर आय. सी. कॉलनीजवळ मंडपेश्वरची लेणी लागतात. परवा भाच्यांना घेऊन तिथे गेलो होतो.

टेकडीच्या पोटात कोरलेली ही शिवाची लेणी तेराशे वर्षांहून जुनी. दगडी खांब, गाभाऱ्यात शिवलिंग आणि बाजूच्या दालनात नृत्य करणारा शिव! मूर्तीची मोडतोड झालीय, तरी नाच थांबलेला नाही असंच वाटतं.

बाहेर येऊन वर पाहिलं, तर छप्पर नसलेल्या उंच भिंती. धाकटा म्हणाला, "मामा, देवळाच्या डोक्यावर हे काय?"

ते पोर्तुगीजांचं बांधकाम. १५३४ साली वसईसह हा भाग त्यांच्याकडे गेला. पुढे आंतोनियो द पोर्तो या पाद्र्याच्या काळात गुंफेचं चर्च झालं, मूर्ती झाकल्या गेल्या, वर मठ उभा राहिला. एका भिंतीवर भला मोठा क्रूस कोरला गेला, तो आजही दिसतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. इथली पोर्तुगीज सत्ता संपली आणि गुंफेत पुन्हा शिवाची पूजा होऊ लागली.

असं जगात इतरत्रही घडलंय. तुर्कस्तानात वान सरोवरातल्या बेटावर आर्मेनियन लोकांचं दहाव्या शतकातलं चर्च आहे. १९१५ पासून तिथल्या लाखो आर्मेनियनांना मारलं गेलं, हाकललं गेलं. चर्च ओसाड पडलं. १९५१ मध्ये ते पाडायलाही घेतलं होतं, पण थोडक्यात वाचलं. २००७ मध्ये दुरुस्तीनंतर ते संग्रहालय म्हणून उघडलं आणि २०१० मध्ये तिथे पुन्हा प्रार्थना झाली. ज्यांच्या पूर्वजांनी ते बांधलं, त्यांना मात्र आता लांबून पाहुणे म्हणून यावं लागतं.

"मग मामा, ह्या पडक्या भिंती पाडून का नाही टाकत?" मोठीने विचारलं.

मी म्हटलं, "मूर्ती झाकल्या म्हणून आपल्याला वाईट वाटलं ना? मग तेच आपण दुसऱ्याच्या भिंतींचं करायचं का? गुंफेची अर्धी गोष्ट खाली आहे, अर्धी वर."

आज पुरातत्त्व खातं दोन्ही जपतं. पण खात्याचा माणूस दिवसभर प्रत्येक भिंतीपाशी थोडाच उभा राहणार? तेव्हा जरूर जा, डोळे भरून पाहा. खिशातला खिळा मात्र खिशातच राहू द्या. आपलं नाव लिहायला शाळेची वही आहेच की!