हिरकणीवाडीचे रान

१९९६ पासून माणसे हिरकणीवाडीहून पाळण्यात बसून रायगडावर जातात. मी मात्र खालीच रेंगाळलो आणि एका पडवीत ताक पीत बसलो. घरामागे दाट रान.

"दिवाळी झाली की लाकूडवाला येणार," म्हातारबाबा म्हणाले. नातीचे लग्न ठरले होते.

मी त्यांना संगमेश्वराकडची हकीकत सांगितली. तिकडे बरेचसे रान खाजगी मालकीचे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था मालकांशी करार करते: ठरल्या मुदतीत झाड तोडायचे नाही, त्याबद्दल मोबदला घ्यायचा. बेहड्याच्या ढोलीत धनेश पिले वाढवतो. त्याच झाडाची फळे औषधासाठी विकली जातात. तोडलेले झाड एकदाच पैसा देते, हा हिशेब शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. घोडे अडते ते नडीच्या वेळी.

बाबांनी विचारले, "सातबारा आमच्याच नावावर ऱ्हातो ना? राबाला टाहाळ तोडू देत्यात?" रक्कम किती, हे सगळ्यांत शेवटी. मग म्हणाले, "सह्या तिघा भावांच्या लागतील. धाकला मुंबईला. तो शिमग्याला येतो."

"आणि लाकूडवाला?"

बाबांनी पानाची चंची उघडली.