पाण्याच्या वाघिणी

आमच्याकडं पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात. पावसाळ्यात सांगलीजवळच्या माधवनगरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा, कोयनेत किती टीएमसी झालं आणि आयर्विन पुलाशी कृष्णा किती फुटांवर आली, हे चहाला उकळी फुटायच्या आत कळतं. कोयनेची क्षमता 105 टीएमसी, हा आकडा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मात्र याच कृष्णेचं पाणी आम्ही रेल्वेच्या वाघिणींत मोजायला शिकलो. एका वाघिणीत 50 हजार लिटर. अशा 10 वाघिणींची गाडी 11 एप्रिलला मिरजेहून निघाली आणि 342 किलोमीटर जाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. 'जलदूत' हे नाव तिला नंतर मिळालं. आमच्याकडं सगळे 'पाण्याची गाडी' एवढंच म्हणत.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात मार्चमध्येच पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागा यांच्याभोवती 144 कलम लावावं लागलं होतं. नदीकाठच्या माणसाला ही बातमी नुसती वाचून कळत नाही. पाण्यासाठी माणसं जमली की दंगल होईल असं भय सरकारला वाटावं, इतकी तहान एका शहराला लागली होती. मग एरवी तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेनं आतून धुऊन घेतल्या गेल्या आणि मिरजेला आणल्या गेल्या. कृष्णेतून उपसलेलं, शुद्ध केलेलं पाणी यार्डापर्यंत नळानं आणायचं आणि रुळावर उभ्या असलेल्या टाक्यांची तोंडं वरून उघडून ते भरायचं. मी त्या दिवसांत मिरजेला जाऊन यार्डाबाहेरच्या रस्त्यावरून हे काम पाहिलं. उन्हानं पत्रा तापलेला, आणि एकेका टाकीवर चढलेले कामगार पाइप धरून उभे. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी भाषण करत नव्हतं. पाणी भरल्याचा आवाज वरवर चढत जाई, तोंडाशी आला की हात वर व्हायचा आणि पाइप पुढच्या वाघिणीकडं सरकायचा.

ही गाडी ज्या वाटेनं गेली, ती वाट मला तिच्यातल्या पाण्याइतकीच महत्त्वाची वाटते. मिरज, आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि लातूर. म्हणजे बराचसा जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रस्ता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची ही गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू केली. 1906 मध्ये ती पंढरपूरला गेली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. हलके रूळ, हलके डबे, पण त्या काळी जगभरचे इंजिनिअर तिचा अभ्यास करत, कारण थोड्या पैशांत कोरड्या, गरीब मुलखात रेल्वे कशी न्यावी, याचं उत्तर तिनं दिलं होतं. वारकरी, भुसार माल, कापूस आणि जनावरांचे व्यापारी हे तिचे आश्रयदाते. एके काळी मिरज जंक्शनात रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी होते.

माझी एक आत्या कवठेमहांकाळला दिलेली होती. ती बार्शी लाइटनं मिरजेला यायची आणि तिथून माहेरी माधवनगरला. तिच्या घरी पाहुण्यानं पाय धुतलेलं पाणी तुळशीला जाई आणि भांडी विसळलेलं पाणी म्हशीला. आमच्याकडं आली की पहिल्या दिवशी ती न्हाणीत खूप वेळ बसायची आणि आजी कुणालाही दारावर थाप मारू द्यायची नाही. सासर आणि माहेर यांच्यात रेल्वेचं अंतर थोडंच होतं, पाण्याचं फार. ती गाडी इकडून तिकडं माणसं नेई, पाणी मात्र ज्याच्या त्याच्या ठिकाणी राही. पुढं त्या वाटेचे रूळ टप्प्याटप्प्यानं रुंद झाले, मिरज ते पंढरपूर हा तुकडा 2010 च्या सुमारास झाला. रूळ रुंद झाले नसते, तर भरलेल्या टाक्यांचं वजन घेऊन कोणतीही गाडी लातूरला थेट जाऊच शकली नसती. शंभर वर्षांपूर्वीच्या एका छोट्या कंपनीनं निवडलेली वाट आणि नंतरच्या काळात कुणी फारसं लक्ष न दिलेलं तिचं रुंदीकरण, या दोन गोष्टी लातूरच्या तहानेच्या दिवशी कामी आल्या.

2016 हे साल रेल्वेच्या इतिहासात एरवीही भरगच्च आहे. 26 मार्चला जपानची शिन्कान्सेन समुद्राखालच्या सेइकान बोगद्यातून प्रथमच होक्काइदो बेटावर पोचली. त्याच दिवशी त्याच बेटावरच्या सेकिहोकु मार्गावरची कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही तीन छोटी स्थानकं कायमची बंद झाली, कारण तिथं चढणारं-उतरणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. माधवनगरसारख्या स्थानकाजवळ राहणाऱ्याला यातली दुसरी बातमी पहिलीपेक्षा जास्त लागते. 5 एप्रिलला दिल्ली-आग्रा मार्गावर ताशी 160 किलोमीटर वेगाची गतिमान एक्स्प्रेस सुटली. 9 एप्रिलच्या रात्री मुंबईत हार्बर मार्गावर डीसी विजेवरची शेवटची लोकल धावली आणि 3 फेब्रुवारी 1925 ला सुरू झालेलं एक युग संपलं. त्यानंतर दोनच दिवसांनी मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. 1 जूनला स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या पोटातून 57 किलोमीटरच्या गॉथर्ड पायथा बोगद्याचं उद्घाटन झालं. जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. तो खणताना 9 कामगार गेले, हे मी त्याच्या लांबीइतकंच लक्षात ठेवतो. आपल्याकडं फेब्रुवारीत सुरेश प्रभूंनी मांडलेला रेल्वे अर्थसंकल्प हा स्वतंत्र असा शेवटचा ठरला. 1924 पासूनची ती परंपरा सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळानं थांबवली. आणि नोव्हेंबरात कानपूरजवळ पुखरायां इथं इंदूर-पाटणा एक्स्प्रेस रुळांवरून घसरली, दीडशेच्या आसपास माणसं झोपेतच गेली. त्या वर्षाच्या कुठल्याही नोंदीत ही ओळ आधी यायला हवी.

पण मला पाण्याच्या गाडीची त्या वर्षातली खरी सोबतीण वाटते ती इथिओपियातली गाडी. आदिस अबाबा ते जिबूती या साडेसातशे किलोमीटरच्या विजेवरच्या नव्या मार्गाचं 5 ऑक्टोबर 2016 ला उद्घाटन झालं. त्या देशाला समुद्रकिनारा नाही, बंदर आहे ते शेजारच्या जिबूतीचं. फ्रेंचांनी बांधलेला तिथला जुना मार्ग 1917 मध्ये पुरा झाला होता आणि तो आमच्या जुन्या पुणे-मिरज मार्गासारखाच मीटर गेजचा होता. 2015 च्या एल निनोनं आपला पाऊस जसा ओढून धरला, तसाच इथिओपियाचाही. तिथला दुष्काळ अनेक दशकांतला सर्वांत वाईट होता. परदेशांतून आलेलं धान्य जिबूतीच्या धक्क्यावर येत होतं आणि ते आत पोचवायचं होतं. तेव्हा नव्या मार्गाचं उद्घाटन व्हायचं होतं, तारांत वीज आलेली नव्हती, तरी नोव्हेंबर 2015 पासून डिझेल इंजिनं जोडून त्या रुळांवरून धान्याच्या गाड्या सोडल्या गेल्या. फीत कापायच्या आधी त्या रेल्वेनं भुकेल्यांना धान्य नेलं. एकाच समुद्राच्या तापण्यानं दोन मुलूख होरपळले, एकाला रुळांवरून धान्य गेलं आणि दुसऱ्याला पाणी. मिरजेच्या यार्डात पाइप धरलेला कामगार आणि जिबूतीच्या धक्क्यावर पोती चढवणारा हमाल यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण कशासाठी घाई आहे, हे दोघांनाही सारखंच कळलं असतं.

आमचा स्वतःचा मार्गही दुष्काळातूनच जन्मला आहे. 1876 ते 1878 च्या भयंकर दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसं मेली. त्यानंतरच्या दुष्काळ आयोगानं रेल्वे वाढवा असं सांगितलं आणि 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. पुण्याहून मिरजेमार्गे लोंढ्याकडं गेलेले मीटर गेजचे रूळ तिचेच. मात्र याच इतिहासाचं दुसरं पानही उघडं ठेवायला हवं. त्या दुष्काळातही देशात रेल्वे होती आणि तिच्याच डब्यांतून धान्य बंदरांकडं, परदेशी निर्यातीसाठी जात राहिलं. रूळ दोन्हीकडं जातात. कुठल्या बाजूला भरलेले डबे न्यायचे आणि कुठल्या बाजूला रिकामे आणायचे, हे माणसं ठरवतात. 1943 च्या जूनमध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ याच मार्गावरची गाडी अडवून इंग्रज सरकारचा पगाराचा खजिना घेतला, तेव्हा त्या तरुणांनी हेच ठरवलं होतं.

म्हणून 2016 च्या गाडीकडं पाहताना मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचतं. हिशेब करून पाहा. 2011 च्या जनगणनेत लातूर शहरात 3 लाख 82 हजारांवर माणसं होती. 10 वाघिणींतलं 5 लाख लिटर पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास होतं. पुढं 50 वाघिणींची गाडी झाली, 25 लाख लिटरची, तेव्हा ते साडेसहा लिटरवर गेलं. ऑगस्टमध्ये गाडी थांबली तोवर 111 फेऱ्या झाल्या होत्या आणि 25 कोटी 95 लाख लिटर पाणी गेलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं, तर एका टीएमसीचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. कृष्णाकाठी उसाच्या एका पाळीला किती पाणी जातं, हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो. मांजरेच्या खोऱ्यातही ऊस उभा होता. याचा दोष मी लातूरला देत नाही, कारण आमच्या मळ्यांत उभं राहून तो देण्याचा अधिकार मला नाही. पण चार महिने अहोरात्र राबून रेल्वेनं जेवढं पाणी नेलं, तेवढं जमिनीत मुरवणं आणि जपणं एखाद्या शहराला, एखाद्या खोऱ्याला जमायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तीन वर्षांनी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, हीच कृष्णा आयर्विन पुलाशी 57 फुटांवर चढली आणि सांगलीच्या घराघरांत शिरली. लातूरच्या वाघिणी भरणारं पाणी आणि सांगलीचे संसार बुडवणारं पाणी एकाच पात्रातलं होतं.

2016 मधलीच आणखी एक बातमी मला थेट माधवनगरच्या रुळांची वाटली. 12 जुलैला इटलीतल्या पूल्या प्रांतात एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि 23 माणसं गेली. तिथं गाड्यांना वाट मोकळी असल्याचा निरोप टेलिफोनवर दिला जाई. आम्हीही तेव्हा एकेरी रुळावरच होतो. आमची सिग्नलव्यवस्था वेगळी आणि पक्की, तरी ती बातमी वाचताना नांद्रे, माधवनगर, भिलवडी इथं क्रॉसिंगसाठी थांबलेल्या सगळ्या पॅसेंजर गाड्या डोळ्यांपुढून गेल्या. ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीनं पुणे-मिरज-लोंढा या 467 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. त्या मंजुरीचे परिणाम आज दारातून दिसतात. दुसरा रूळ पडला, वर विजेच्या तारा आल्या, त्यासाठी सांगली रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा जुना पूल पाडून नवा बांधावा लागला. सप्टेंबर 2024 पासून वंदे भारतही या मार्गानं धावते. ती माधवनगरला थांबत नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. यंत्रमागावरून सुटलेला कामगार, कॉलेजची पोरं आणि भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया पॅसेंजरनंच जातात. ती पॅसेंजर मात्र टिकली पाहिजे. शिराताकीची बातमी या मुलखात कधी यायला नको.

पाण्याच्या गाडीविषयी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मिरज सोडल्यावर ती कोरड्याठाक मुलखातून गेली. कवठेमहांकाळ, जत, सांगोला हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी त्यांतल्या कुठं पोचलं, कुठं कित्येक वर्षं वाट पाहायला लावून गेलं. लातूरच्या शहराची तहान वर्तमानपत्रांत आली, कारण ती एका जागी, एका वेळी, लाखोंना लागली होती. जतच्या पूर्व भागातल्या वाडीवरच्या चाळीस घरांची तहान तशी मोठी दिसत नाही. भरलेल्या वाघिणी त्या स्थानकांवरून पुढं गेल्या आणि रिकाम्या परत आल्या. लातूरचा घोट कमी करा असं मी म्हणणार नाही. पण पुन्हा कधी एल निनोनं पाऊस अडवला आणि मिरजेच्या यार्डात पाण्याची गाडी उभी राहिली, तर तिला चार-दोन वाघिणी जास्त जोडाव्यात. कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला या प्रत्येक स्थानकावर एक साठवण टाकी आणि नळाची जोडणी आताच करून ठेवावी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात कुणाला धावाधाव करायला नको. रूळ तर आहेतच, आता दुहेरीकरणही मिरजेपर्यंत आलं आहे. हा खर्च एका उड्डाणपुलाच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असेल, आणि त्याची मागणी आम्ही नदीकाठच्या लोकांनीच केली पाहिजे.